बरडावरची रिकामी खोली

फाल्गुन अर्धा सरला की वर्ध्याच्या आमच्या घरातील पश्चिमेची खिडकी मी सकाळच्या वेळी बंद करून घेतो. तिच्या एका फळीतली गाठ फार पूर्वी गळून पडली आहे आणि तिथे तुरीच्या दाण्याएवढे भोक राहिले आहे. सुताराने ते बुजवून देऊ का, असे दोनदा विचारले. मी दोनदा नको म्हटले. खोलीत पुरेसा अंधार झाला, की समोरच्या भिंतीवर शेजाऱ्यांचा कडुनिंब उतरतो. शेंडा खाली, बुंधा वर. त्याची तांबूस कोवळी पालवी वाऱ्याबरोबर हलते, आणि एखादे पाखरू उडाले तर ते भिंतीवर खालच्या बाजूला निघून जाते. घरातली माणसे या अर्ध्या तासात मला हाक मारत नाहीत. सुनेने एकदा नातवाला सांगितलेले मी ऐकले होते, ‘आबा सिनेमा पाहून राह्यले. तिकडं जाऊ नको.’

हा काळ आमच्या जिल्ह्यात मोठा उघडा असतो. कापसाची शेवटची वेचणी आटोपलेली, पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची झाडे, उपटून बांधावर रचलेल्या, सागाची पाने गळून जंगल आरपार दिसू लागलेले. एरवी झाकलेले सगळे समोर येते. पाखरांची घरटी दिसतात, टेकडीचे खडक दिसतात, पलीकडच्या वाटेने जाणारा माणूस कोण आहे हे चालीवरून ओळखता येते. त्यातच पळस फुलतो. मोहाची फुले पहाटे टपटपतात आणि त्यांचा गोड, किंचित आंबूस वास दुपारपर्यंत रस्त्यावर रेंगाळतो. शाळांमध्ये परीक्षा असतात. मी सारे आयुष्य या दिवसांत उत्तरपत्रिका तपासल्या. त्यामुळे पळसाचा रंग आणि तांबडी शाई माझ्या मनात शेजारीशेजारी आहेत.

तळेगावपासून आत, जंगलाला लागून असलेल्या एका गावात मी विज्ञान शिकवीत असे. प्रकाश सरळ रेषेत प्रवास करतो, हा धडा मी दरवर्षी त्याच दोन आकृत्यांनी शिकविला. डावीकडे जळती मेणबत्ती, मध्ये छिद्र असलेला पुठ्ठा, उजवीकडे उलटी ज्योत. रेषा पट्टीने काढाव्यात, बाणांची दिशा दाखवावी, नावे आडव्या ओळीत लिहावीत. प्रयोगाचे साहित्य शाळेत होते. ते फुटू नये म्हणून कुलपात होते आणि किल्ली माझ्याकडे होती.

एका वर्षी तिसऱ्या बाकावरच्या वनमालेने विचारले, ‘‘सर, ही उलटी ज्योत खरंच दिसते का?’’

मी म्हणालो, ‘‘दिसते. आकृती नीट काढ.’’

ती गावातल्या किसन गवंड्याची मुलगी. तिने आकृती नीट काढली. मी तिला पूर्ण गुण दिले. उत्तर मात्र माझ्याकडे नव्हते, कारण ती ज्योत मी स्वतः कधी पाहिलेली नव्हती.

ऐंशीचे दशक नुकतेच उजाडले होते तेव्हा हीच वनमाला नागपूरच्या कलाशाळेतून शेवटच्या वर्षाचे काम करायला गावी आली. ते काम कागदावर किंवा कॅनव्हासवर असणार नव्हते. तिला जंगलाच्या कडेला एक खोली बांधायची होती, आत काहीही न ठेवता. फाल्गुनाच्या अखेरीस परीक्षक येऊन ती पाहणार होते आणि त्यावर तिचे उत्तीर्ण होणे अवलंबून होते. अशा कामाला मांडणशिल्प म्हणतात, हे मला पुष्कळ नंतर कळले. त्या दिवशी मी एवढेच विचारले, की आत काही नाही तर परीक्षक गुण कशाला देणार.

‘‘बघायला बरंच असेल, सर,’’ ती म्हणाली. ‘‘फक्त ते बाहेरून आत येईल.’’

जागा तिने हेरून ठेवली होती. गावाच्या वरच्या अंगाला गिरजाबाईंचे बरड होते, म्हणजे मुरमाड, दगडगोट्यांची जमीन. गिरजाबाई तरुणपणी विधवा झाल्या आणि दिरांनी वाटणीत चांगली काळी जमीन आपल्याकडे ठेवून हे बरड आणि कापसापुरता एक तुकडा त्यांना दिला. त्या गोष्टीला चाळीस वर्षे झाली होती, तरी बरडाचा विषय निघाला की त्यांचा आवाज बदलत असे. वनमाला परवानगी मागायला गेली तेव्हा मीही बरोबर होतो.

‘‘बांध व माय,’’ गिरजाबाई म्हणाल्या. ‘‘तिथं तसंही कुसळाबिगर काई उगवत नाई. पण घर बांधून राह्यली अन् राहाले कोणी नाई, हे कसं?’’

‘‘थोडा वेळ बसाले हाये, माय. एकेकट्यानं.’’

‘‘एकट्यानंच काऊन? दोघी गेलो तं काय भिंत पडते?’’

‘‘दोघी गेल्या तं बोलत बसता. मंग पाहाचं राहून जाते.’’

गिरजाबाई हसल्या आणि पऱ्हाट्याही आमच्याच बांधावरून ने म्हणाल्या.

पऱ्हाट्यांचा कूड आमच्याकडे कोणाला नवा नाही. उभ्या मेढी रोवायच्या, त्यांच्यामध्ये पऱ्हाट्या दाटून विणायच्या, आणि दोन्ही बाजूंनी शेणमातीचा गिलावा द्यायचा. वनमालेने असा कूड शंखासारखा वळवत नेला. त्यामुळे दार नसतानाही उजेड आतपर्यंत पोहोचत नव्हता. माणूस चाचपडत दोन वळणे घेई आणि काळोखात येऊन उभा राही. छपरावर सागाची पाने आणि मातीचा थर. आतल्या भिंती काजळी मिसळून काळ्या केलेल्या, फक्त एक भिंत पांढऱ्या मातीने गुळगुळीत सारवलेली. तिच्या समोरच्या कुडात, पूर्वेकडच्या टेकडीच्या रोखाने, एक छोटे भोक. आत बसायला एक सपाट दगड.

हे काम चालू असताना किसनभाऊ तिकडे फिरकले नाहीत. ते आमच्या भागातले नावाजलेले गवंडी होते. एका संध्याकाळी माझ्या ओट्यावर बसून ते म्हणाले, ‘‘सर, मी लोकायचे घरं सिमेंटात बांधतो, अन् माही पोरगी नागपूरले शिकून इथं कूड बांधून राह्यली. माह्या मायचा जलम कूड लिपण्यात गेला. हिच्या हाताले शेण लागू नये म्हणून तं मी थापी धरली.’’

मी त्यांना समजावण्याचा प्रयत्न केला. मला स्वतःलाच पुरते समजले नव्हते, हे ते ओळखून होते. चहा घेऊन ते गेले.

खोली वाळली त्या दिवशी वनमालेने पहिला मान मला दिला. दुपार उतरू लागली होती. मी वळणे घेत आत गेलो, दगडावर बसलो, आणि मला काहीही दिसले नाही. मी शिस्तीने श्वास मोजू लागलो. चाळीसपर्यंत केवळ काळोख होता. भोक एका ताऱ्यासारखे पाठीमागे होते, पण तिकडे पाहायचे नाही असे तिने बजावले होते. साठाच्या सुमारास पांढऱ्या भिंतीवर एक धूसर डाग हलला. शंभराच्या आसपास मी मोजणे विसरलो.

भिंतीच्या वरच्या कडेपासून टेकडी खाली लोंबत होती. तिच्यावरचे पळस निखाऱ्यांच्या झुंबरांसारखे टांगलेले होते आणि माझ्या पायांशी आकाश होते. रंग खरे होते, किंबहुना थोडे अधिक खोल होते. वाऱ्याची झुळूक बाहेर सागाच्या वाळल्या पानांत आधी ऐकू येई आणि मग पळसाची फांदी भिंतीवर हले. मग उजव्या बाजूने एक रोही चालत आला, ज्याला पुस्तकात नीलगाय म्हणतात तो. पाय वर, पाठ खाली, अगदी सावकाश. मध्ये थांबून त्याने मान वळवली. आपल्याला कोणी पाहते आहे हे त्याला ठाऊक नव्हते. मी माणूस म्हणून त्या जंगलात जवळजवळ नव्हतोच, आणि तरीही इतका उपस्थित मी कधी कुठे नव्हतो.

बाहेर आलो तेव्हा माझे डोळे भरले होते ते उजेडामुळे, असे मी वनमालेला सांगितले. मग म्हणालो, ‘‘तू सातवीत मला एक प्रश्न विचारला होतास.’’

‘‘आठवीत, सर.’’

‘‘आठवीत. उत्तर असे आहे, की खरेच दिसते.’’

ती हसली नाही. तिने मान डोलावली, जशी मी वर्गात बरोबर उत्तराला डोलावीत असे.

आता माझी चूक सांगितली पाहिजे. लोक खोली पाहायला येऊ लागले. कोणी चपलांसकट धूळ आत नेई, कोणी चौघे मिळून शिरत आणि हसत बाहेर येत, आणि पोरे पांढऱ्या भिंतीवर पंजे उमटवीत. माझ्या शिक्षकी मनाला यावर एकच उपाय सुचला. शाळेत घंटेच्या खांबाला लावून उरलेला तांबडा तेली रंग होता. त्याने मी एका फळीवर सुवाच्य अक्षरांत लिहिले, की पादत्राणे बाहेर काढावीत, आत एका वेळी एकानेच जावे, मौन पाळावे, व भिंतींस स्पर्श करू नये. फळी खोलीपाशी खुंटीला टांगली आणि सराव परीक्षेच्या गडबडीत चार दिवस तिकडे गेलो नाही.

पाचव्या दिवशी वनमालेने मला बोलावून नेले. फलकापाशी नारळाच्या करवंट्या पडल्या होत्या. आत पहिल्या वळणावरच उजेड दिसला. पांढऱ्या भिंतीच्या पायथ्याशी ओढ्यातला एक मोठा गोटा, शेंदूर लावून, फुले वाहून बसवला होता आणि त्याच्यापुढे तेलाचा दिवा जळत होता. भिंतीवर काजळीची एक रेघ वर चढली होती. टेकडी, पळस, आकाश यांपैकी भिंतीवर काहीही नव्हते. अंधार गेला होता, त्याच्याबरोबर तेही गेले होते.

गावाचे चुकले असे मी म्हणू शकत नाही. जंगलाच्या कडेला एक गाभाऱ्यासारखी काळोखी खोली आहे, तिथे चपला काढून, एकट्याने, न बोलता जायचे असते, आणि हे शेंदरी अक्षरांत मास्तरांनी लिहून ठेवले आहे. आत मूर्ती नाही, एवढीच उणीव राहिली होती. जमिनीच्या मालकीण म्हणून गिरजाबाईंनी ती भरून काढली. सालदार गड्याला बैलगाडी जुंपायला लावून त्यांनी गोटा आणवला आणि रोज दुपारी त्या स्वतः दिवा लावू लागल्या.

परीक्षक चार दिवसांनी यायचे होते.

तेवढ्यात किसनभाऊ आले. त्यांच्या हातात पहार होती. गावात कोणीतरी त्यांना टोमणा मारला होता, की तुमच्या पोरीनं देऊळ बांधलं म्हणे. त्यांच्या घराने धम्मदीक्षा घेतली तेव्हा ते विशीत होते. घरातले सगळे देव टोपलीत घालून त्यांनी स्वतःच्या हातांनी नदीत सोडले होते. ते वर्ष त्यांच्या आयुष्याचा पाया होते, हे गावात सर्वांना माहीत होते.

‘‘बाजूले हो,’’ ते मुलीला म्हणाले.

‘‘बाबा, तुम्ही हात नका लावू.’’

‘‘मंग कोण लावन? तुले देव पाह्यजे काय आता?’’

‘‘मले रिकामी खोली पाह्यजे. पण त्यायचा देव तुम्ही उचलला तं उद्या गावात काय होईन, तुमालेही ठाऊक हाये अन् मलेही.’’

मला ते ठाऊक होते. मी मध्ये होऊन म्हणालो, की फलक माझा आहे, दोष माझा आहे, मी जाऊन गिरजाबाईंना सांगतो. हे बोलत असतानाच त्या स्वतः तेलाची बुधली घेऊन चढण चढून आल्या. पहार पाहून थबकल्या.

मी खुलासा सुरू केला. प्रकाश सरळ रेषेत प्रवास करतो, इथपर्यंत आलो असेन. वनमालेने मला हाताने थांबवले.

‘‘माय, तुम्ही आत कधी बसून पाह्यलं काय?’’

‘‘देवाच्या घरात बसाचं नसते. दिवा लावते अन् निंघते.’’

‘‘आज बसा. पण आधी दिवा तुम्हीच विझवा. तुमचा हाये, मी नाई विझवत.’’

‘‘देवापुढचा दिवा विझवू काय?’’ गिरजाबाई म्हणाल्या. मग बुधली माझ्या हातात देत म्हणाल्या, ‘‘मास्तर, पाप लागलं तं अर्ध तुमचं. पाटी तुमची हाये.’’ आणि आत गेल्या.

आम्ही तिघे बाहेर उभे राहिलो. किसनभाऊंनी पहार जमिनीत टेकवून ठेवली होती. खोलीसमोरच्या मोहाच्या झाडाखाली फुले सुकून पडली होती, दूर कुठेतरी तित्तर ओरडत होता. मी सवयीने मोजू लागलो आणि मोजणे सोडून दिले. आतून काहीच आवाज येत नव्हता. वनमालेचे वर्ष, तिचे नागपूर, बापाने बांधलेल्या भिंतींवर उभे असलेले तिचे सगळे शिक्षण त्या काळोखात एका म्हातारीच्या हवाली होते.

गिरजाबाई बाहेर आल्या तेव्हा सावल्या हातभर लांबल्या होत्या. त्यांनी आधी आमच्याकडे पाहिलेच नाही. त्या टेकडीकडे आणि तिच्या पायथ्याच्या मुरमाड उताराकडे पाहत होत्या.

‘‘हे माहंच बरड होय?’’

‘‘तुमचंच, माय.’’

‘‘एवढं लाल होते?’’ त्या हळूच म्हणाल्या. ‘‘चाळीस वर्षं आली अन् गेली मी इथं. दिरायले शिव्या देत येवो अन् शिव्या देत जावो. कधी बसली नाई.’’ मग पदराने चेहरा पुसून नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, ‘‘देवालेही मीच अंधारात कोंडलं. त्याले काऊन नाई दिसू द्यावं हे? बाहेर काढा त्याले. मोहाखाली बसवा. किसन, तू गवंडी होय ना गा? नीट बसव.’’

तो क्षण मी आजही पुरता मोजू शकलेलो नाही. किसनभाऊ उभे होते. वनमाला बापाकडे पाहत नव्हती. शेवटी त्यांनी पहार ठेवली आणि आत गेले. मीही गेलो. गोटा जड होता. दोन वळणांतून आम्ही दोघांनी तो कसाबसा बाहेर आणला. मोहाखाली त्यांनी जमीन सपाट केली, खाली चपटे दगड रचले, पिशवीतून पाणसळ काढून ती दोन्ही दिशांनी लावून पाहिली, आणि गोटा असा बसवला की तो आजतागायत हललेला नाही. हात झटकत ते म्हणाले, ‘‘माय, मी दगड बसवला. देव तुमचा तुम्ही बसवा.’’

‘‘बरोबर हाये,’’ गिरजाबाई म्हणाल्या. त्यांनी शेंदूर सारखा केला, गोट्याचे तोंड खोलीच्या वाटेकडे आहे ना हे पाहिले, आणि त्याला उद्देशून म्हणाल्या, ‘‘दारावर लक्ष ठेवजो. एकेकालेच सोडजो.’’

मग किसनभाऊंनी न सांगता पांढरी माती कालवली आणि ती काजळलेली भिंत पुन्हा सारवली. थापीने नव्हे. हाताने, आईने सारवली असती तशी. सारवून झाल्यावर ते आतच बसले. किती वेळ बसले ते मी पाहिले नाही. मी शाळेच्या कामाचे निमित्त काढून उतरलो.

परीक्षक ठरल्या दिवशी एसटीने आले. आकाश निरभ्र होते. ते आत गेले आणि ज्या बसने परतायचे होते ती निघून गेली तरी बाहेर आले नाहीत. आल्यावर त्यांनी पाणी मागितले. मग माझा फलक लक्षपूर्वक वाचला आणि विचारले, ‘‘हा कामाचाच भाग आहे का?’’

मी पुढे सरून क्षमा मागणार होतो. वनमाला माझ्याआधी म्हणाली, ‘‘हो, सर. तो आमच्या सरांनी लिहिला आहे.’’

ती उत्तीर्ण झाली. पुढे दूरच्या शहरांत तिने अशा कितीतरी खोल्या केल्या. प्रत्येक वेळी ती मला पत्रातून एक आकृती पाठवी. रेषा पट्टीने काढलेल्या, बाणांची दिशा दाखवलेली. आणि मी पुढच्या वर्षीपासून साहित्याच्या कपाटाचे कुलूप काढून टाकले. दोन भिंगे आणि एक चंबू फुटला. मुलांनी ज्योत पाहिली.

दोन वर्षांपूर्वी माझ्या डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली. पट्टी बांधून एका खाटेवर पडून राहायचे होते. शेजारचे गृहस्थ घाबरले होते. काहीच दिसत नाही, असे पुन्हा पुन्हा म्हणत होते. मी त्यांना श्वास मोजायला सांगितले. शंभरापर्यंत घाई करू नका, म्हणालो. हे मला शिकविणाऱ्या मुलीला मी आठवीत पूर्ण गुण दिले होते, आणि ते कमी होते असे त्या काळोखात मनापासून वाटले.

यंदा फाल्गुनात मी मुलाला गाडी काढायला लावून गावी जाऊन आलो. गिरजाबाई आणि किसनभाऊ दोघेही आता नाहीत. खोली तर तीन पावसाळ्यांतच विरघळून गेली होती. शेणमाती होती, ती जमिनीला मिळाली. मोहाचे झाड आहे. त्याखालचा देव आहे, शेंदराचे थर चढून गोल झालेला. एक तरुण बाई फुले वाहत होती. मी विचारले, देवाचे तोंड पूर्वेला नाही, गावाकडेही नाही, असे कसे. ती म्हणाली, ‘‘पयल्यापासून तसंच हाये, बाबा. तो त्या रिकाम्या जागेकडंच पाह्यते.’’

ती गेल्यावर मी त्या रिकाम्या जागेशी आलो. मुरूम, कुसळे, समोर टेकडी आणि सगळा पळस सुलटा उभा. भिंत नव्हती, वळण नव्हते, त्यामुळे बाहेर कुठे संपते हे ठरविणे कठीण होते. मी अंदाजाने एक जागा धरली. चपला काढून ठेवल्या. मुलगा गाडीपाशीच थांबला होता, ते बरे झाले. देवाने मला एकट्याला आत सोडले.